तेलआळीतली दारफळणी

आमच्या कोंडपेठेला कुणी खेडं म्हटलं की आम्हाला राग येतो आणि शहर म्हटलं की हसू येतं. आम्ही पेठ. मुरबाडहून धसईच्या एसटीत बसलात की वाटेत एक फाटा लागतो. तिथं कंडक्टर "पेठवाले, उतरा" असं ओरडतो आणि त्याच्या आवाजात थोडा वैतागही असतो, कारण पेठवाले भांडल्याशिवाय तिकीट काढत नाहीत. पूर्वी नाणेघाटातून बैलांच्या पाठीवर माल उतरायचा आणि कल्याणच्या खाडीकडे जाताना एक मुक्काम आमच्याकडे करायचा, असं म्हातारे सांगतात. बैल गेले, मुक्काम गेला, तोरा तेवढा मागे राहिला. भाताच्या दोन गिरण्या, एक शाळा, गुरुवारचा बाजार आणि कुणाच्या चुलीवर काय शिजलं याची सगळ्यांना खबर, एवढ्या भांडवलावर आम्ही स्वतःला पेठ म्हणवतो.

या पेठेत तेलआळी आहे. आता तिथं तेलाचा थेंब गळत नाही, पण एके काळी घरटी घाणा होता. आणि तेली दोन प्रकारचे. एक सोमवार तेली. त्यांचा महादेवाचा वार म्हणून सोमवारी घाणा बंद. दुसरे शनवार तेली. ते बेने इस्रायल, म्हणजे ज्यू. त्यांचा घाणा शनिवारी बंद. त्यामुळे पेठेला तेल कधी कमी पडलं नाही. एकाचा बैल सुट्टीवर असला की दुसऱ्याचा फिरत असायचा. शनवार तेली आमच्यासारखंच नेसायचे, आमच्यासारखंच बोलायचे, भाताला वालाचं बिरडं आमच्यासारखंच खायचे. त्यांची प्रार्थना कुठल्या भाषेत आहे ते आम्हाला कळत नसे, शिव्या मात्र अस्सल मुरबाडी होत्या.

मग त्यांचा देश झाला आणि ते एकेक करून निघाले. माझ्या वडिलांच्या तरुणपणी आळीतून सारखी गाठोडी बांधली जात होती. कुणी घर विकलं, कुणी घाण्याचं लाकूड जळणाला दिलं. मी शाळेत जायला लागलो तोवर शनवार तेल्यांचं एकच दार उघडं राहिलं होतं. ते सकुबाईचं.

सकुबाई ही हसाजी तेल्याची लेक. लग्न होऊन पनवेलला गेली, कुंकू लवकर पुसलं गेलं, पोरबाळ नाही, म्हणून माहेरी परत आली. भाऊ बायकापोरांना घेऊन बोटीनं गेला तेव्हा म्हातारा हसाजी हट्टाला पेटला की मी माझ्या घाण्याजवळच मरणार. त्याच्यासाठी ही राहिली. म्हातारा गेला, तरीही राहिली. घाणा बंद पडल्यावर तिनं तेलाचा दुसरा उपयोग शोधला. बाळंतिणीला आणि तान्ह्या पोरांना चोळून न्हाऊ घालायचं काम ती करू लागली. मोरीत पाय लांब करून बसायची, पायांवर पोर उपडं टाकायची आणि असं काही चोळायची की पोर आधी किंचाळायचं आणि मग दुपार सरेस्तोवर झोपायचं. पेठेतल्या दोन पिढ्यांच्या पाठी तिच्या नडग्यांवर सरळ झाल्या. माझीही त्यातच आली. पुढे मी आळीत एसटीडी बूथ टाकला, मिशा ठेवल्या, तरी ती येता-जाता माझ्या पाठीत थाप मारून म्हणायची, "ताठ बस रे संदेश, मी एवढी म्हेनत घेतली ती काय वाकायला?"

तिच्या भिंतीला भिंत लावून रखमीकाकीचं घर. रखमीकाकी सोमवार तेल्यांची सून, तीही विधवा, तीही सत्तरीच्या घरातली. या दोघी सकाळी भांडायच्या आणि संध्याकाळी एकमेकींच्या डोक्यातल्या उवा बघायच्या. शनिवारी सकुबाई चूल पेटवत नसे, म्हणून रखमी जाऊन विस्तव घालून यायची. सोमवारी रखमीचा उपास, तर सकुबाई रताळी उकडून आणून द्यायची आणि वर म्हणायची, "तुजा देव बरा हाय गो, उपासाला बी खाऊ देतो."

सकुबाईच्या देवाचा उपास खरोखरच कडक होता. वर्षातून एकदा तिची दारफळणी यायची. दारफळणी म्हणजे दार लावून बसायचा सण. तो कधी गणपतीत यायचा, कधी दसऱ्याच्या आगेमागे. आदल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत आंघोळ करून पांढरं लुगडं नेसायचं, तेलाचा दिवा लावायचा आणि दाराला आतून कडी घालायची. दुसऱ्या दिवशी चांदणी दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, परक्या माणसाशी शब्द नाही. वर्षभर जे काही चुकलंमाकलं असेल ते त्या बंद घरात देवापुढे बोलायचं.

आता पेठेचा स्वभाव असा की आम्ही कुणाच्याही घरात नाक खुपसतो. पण लावलेल्या दाराला हात लावत नाही. हा नियम आम्हाला शनवार तेल्यांनीच लावला असावा. दारफळणीला आळीतून कुणी सायकलची घंटा वाजवत नसे. बायका भांडणं करायला कुंभारआळीत जायच्या. पूर्वी ज्यूंची दहा-बारा दारं लागायची, आता एकच लागायचं, पण त्या एका दारासाठीही सगळी आळी तेवढीच गप्प बसायची. याचा मला अभिमान होता आणि आजही आहे, पुढे जे झालं ते होऊनसुद्धा.

शहाण्णव साली दारफळणी गणपतीत आली. मंडळाच्या पोरांनी न सांगता कर्णा बंद ठेवला. आरतीला टाळही वाजवले नाहीत, नुसत्या टाळ्या वाजवल्या. मी त्या दिवशी मुरबाडला गेलो होतो, त्यामुळे जे झालं ते मी नंतर ऐकलं, आणि ज्यानं त्यानं मला तेच सांगितलं.

दुपारी रखमीकाकी तांदूळ निवडत बसली होती. भिंतीपलीकडे धप्पकन काहीतरी पडलं, पाठोपाठ तांब्या गडगडल्याचा आवाज. काकी उठली, भिंतीला कान लावला. काही नाही. ती सकुबाईच्या दारापर्यंत गेली. कडी वाजवायला हात वर केला आणि खाली घेतला. आज दारफळणी. परक्यानं दार वाजवलं तर तिचा दिवस मोडेल. वर्षातला एकच तर दिवस, तोही आपण मोडायचा? पाट पडला असेल, मांजर असेल, असं स्वतःला समजावत ती त्याच ओट्यावर दाराकडे तोंड करून बसली. दोन-तीन बायका येऊन गेल्या. त्यांनी विचारलं, तिनं सांगितलं, त्यांनीही मान हलवली. उद्या बघू म्हणाल्या नाहीत, चांदणी निघाली की बघू म्हणाल्या. दार वाजवावं असं एकीलाही सुचलं नाही, कारण आम्ही तसे वाढलेलोच नाही.

चांदणी निघाली तरी दार उघडेना, तेव्हा काकीनं पहिली हाक मारली. मग दुसरी, मग किंकाळीच. गिरणीवाल्या दामूनं पहार घालून कडी तोडली. सकुबाई मोरीत पडली होती. उपासानं चक्कर येऊन पडली आणि मांडीचं हाड मोडलं. शुद्धीवर होती, ओठ वाळून पांढरे झाले होते. लोकांना बघून तिनं पहिलं विचारलं, "चांदणी निगाली का?" निघाली म्हटल्यावर मग पाणी मागितलं.

जीपमध्ये आडवी घालून तिला कल्याणला नेलं. ऑपरेशन झालं, दिवाळीनंतर काठी टेकत घरी आली. हाड सांधलं. बिघडलं ते दुसरंच.

रखमीकाकीनं त्याच गुरुवारी भर बाजारात स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, "मी आयकलं आन् बसून ऱ्हायले." लोक म्हणाले, अगं तुझी काय चूक, आम्हीही तेच केलं असतं. खरंच तेच केलं असतं. पण तिला ते पटलं नाही. त्या दिवसापासून तिनं सकुबाईचा उंबरा ओलांडला नाही. भाकरी सून रेश्माच्या हाती पाठवायची, शनिवारी विस्तवही तीच घालून यायची. स्वतः आली तरी ओट्यापर्यंत, आणि पदराचं टोक चघळत बसायची. सकुबाई आतून ओरडायची, "मांजर बी घरात येतं गो, तुला काय झालंय?" दोघींची भांडणं बंद झाली आणि आळी एवढी शांत झाली की मला बूथमध्ये बसवेना. वर्षभर असं चाललं. दोन म्हाताऱ्यांनी भांडू नये म्हणून देवाला नवस बोलणारे लोक मी पाहिलेत, त्या वर्षी मी उलटा नवस बोललो.

त्यात शालोमची ओढ वेगळीच. शालोम हा सकुबाईचा भाचा, इस्रायलमध्ये कारखान्यात कामाला. त्याचा फोन माझ्याच बूथवर यायचा. मी धावत जाऊन तिला बोलवायचो, ती येऊन रिसीव्हरमध्ये अशी ओरडायची की फोनची गरजच काय असा प्रश्न पडावा. पलीकडून तोही तसाच ओरडायचा, त्यामुळे दोन्हीकडचं मला ऐकू यायचं. शालोम लहान असताना इथून गेला. त्यामुळे चाळिशी गाठलेल्या त्या बाप्याचं मराठी अजून शाळकरी पोराचंच राहिलं होतं. "आत्या, मी तुझ्यावर रुसलोय हां," असं तो म्हणायचा आणि मला हसू यायचं. त्याच्या घरावरच्या पाटीवर त्यांच्या लिपीत कोंडपेठकर असंच लिहिलेलं आहे, हे त्यानंच एकदा मला सांगितलं.

सत्त्याण्णवचा पावसाळा सरता सरता त्यानं ठणकावलं. "आत्या, एकटीनं दार लावून बसायचं नाही. शपथ घे. नायतर दिवाळीनंतर मी येतो आणि तुला घेऊनच जातो. तिकीट काढतो."

"दार उघडं ठिवलं तर तो सण नाय रे बाबा, नुसता उपास झाला."

"मग इथं ये. इथं सगळ्या गावाची दारं बंद असतात."

सकुबाईनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "तिथं समद्यांचंच दार बंद, तर माजं कोण राखणार? हितं समदी आळी भायेर गप बसून ऱ्हाते, सकुबायचं दार लावलंय म्हून. ते सोडून कशी येऊ?" पण शालोम पोरासारखाच हट्टी होता. दारफळणीच्या आधी फोन करतो, शपथ तरी घे नाहीतर ये म्हण, असं सांगून त्यानं ठेवून दिला. सकुबाई माझ्या बाकड्यावर बसली. "नेईल रे तो मला," ती म्हणाली. "त्याचं बी चुकत नाय." मी तिला चहा सांगितला.

त्या वर्षी दारफळणी नेमकी दसऱ्यावर आली. दसरा शनिवारी, म्हणजे दार शुक्रवारी संध्याकाळी लागणार. गुरुवारी बाजार उठत असताना सकुबाई काठी टेकत तिच्या घरातून निघाली आणि रखमीकाकीच्या ओट्यावर जाऊन बसली. आळी एवढी अरुंद की माझ्या बूथमध्ये सगळं ऐकू येतं. कान झाकायचा माझा स्वभावही नाही.

"रखमे, उद्या दिस बुडायच्या आदी न्हाऊन आत ये," सकुबाई म्हणाली.

"कुटं आत?"

"माज्या घरात. कडी घालायची हाय."

काकी सूप खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिली. "मला नको बोलवू सकुबाय. मी आयकून बसले त्या दिशी. तू मरत होतीस आन् मी भितीला कान लावून बसले."

"ठावं हाय मला. तुजी पावलं भितीपल्याड थांबलेली आयकली मी. मग दारात आलीस ते बी आयकलं." सकुबाई काठीच्या टोकानं जमीन कोरत होती. "एक हाक मारली असती तर तू दार तोडून आली असतीस. मी मारली नाय."

"काय?"

"मारली नाय हाक. तोंड मिटून पडले. वाटलं, चांदणीपत्तर कळ काढू, दिस मोडायला नको. तू भायेर बसून तेच केलंस, मी आत पडून तेच केलं. माजे हाल दोगींनी मिळून केलेत, आन् तू एकटीच पाप घिऊन बसलीस. त्यातलं अरदं माजं हाय, ते दे परत."

काकीच्या तोंडून जो शब्द फुटला तो मी इथं लिहीत नाही. "वरीस झालं!" ती ओरडली. "वरीसभर मी कुढत ऱ्हायले, आन् तू आता सांगतेस?"

"शालोमला कळलं असतं तर म्हनला असता, आत्या येडी झाली, आणा तिला हिकडं. म्हून गप बसले. चुकलं माजं. उद्याला देवाम्होरं बोलायचंच हाय, म्हनलं आज तुज्याम्होरं बोलावं."

काकी रडायला लागली. सकुबाईही रडायला लागली. दोघी एकमेकींच्या पदराला नाक पुसत होत्या. मी बूथमधल्या पंख्याकडे बघत बसलो, डोळ्यांत कचरा गेल्यासारखं करत.

"पन मी कशी आत येऊ गो?" काकी शेवटी म्हणाली. "परकं मानूस चालत नाय. मी नवी नवरी होते तवा तूच सांगितलंस."

"परकं चालत नाय, तेच सांगते. परक्यांना दार लावायचं असतं. तू परकी कदी झालीस?"

काकीनं डोळे पुसले. मग एकदम आठवल्यासारखं म्हणाली, "आन् माजा दसरा? घट?"

"घट रेश्मा उठवंल. आन् नऊ दिस उपाशीच हायस की, दाव्या दिशी काय मरत नायस."

शुक्रवारी दुपारी शालोमचा फोन आला. सकुबाई बोलली, या खेपेला न ओरडता. "तिकीट नको काढू. मी दार लावणार, पन एकटी नाय. रखमी हाय आत."

पलीकडून तोच शाळकरी पोराचा आवाज, "आत्या, पण ती आपल्यातली नाही ना?"

"तुला गोवर आला होता तवा कुनाच्या मांडीवर झोपायचास, बापाला इचार," असं म्हणून तिनं रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि आंघोळीला निघून गेली. मी कानाला लावला. शालोम हळूच म्हणाला, "रखमीकाकी अजून आहे?" आहे म्हटल्यावर म्हणाला, "तिच्या अंगाला खोबरेलाचा वास यायचा." आणि तिकिटाचं नाव न काढता त्यानं फोन ठेवला.

सूर्य उतरला तेव्हा रखमीकाकी पांढरं लुगडं नेसून घराबाहेर पडली. एवढं स्वच्छ नेसलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. सकुबाईच्या उंबऱ्यापाशी ती थांबली. आतून काही हाक आली नाही, सकुबाई नुसती दाराचं फळकूट धरून उभी होती. काकीनं उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि आत पाय टाकला. कडी लागल्याचा आवाज आळीत सगळ्यांनी ऐकला.

शनिवारी आम्ही सगळे दसरा सोडून त्या दारावर कान ठेवून होतो. दामूनं गिरणीची पूजा केली ती नारळ हळूच फोडून. सकाळ गेली. दुपार झाली. मागच्या वर्षी याच वेळी सकुबाई पडली होती. रेश्मा तीनदा ओट्यापर्यंत जाऊन आली. हात वर करायची आणि खाली घ्यायची. आणि मग आतून आवाज आला.

"ताठ बस जरा, भितीला टेकून काय झोपतेस देवाम्होरं!"

"तुज्या देवाला सांग, माजी कंबर दुखते!"

"हळू बोल गो, दारफळणी हाय!"

"तूच वरडतेस!"

वर्षभरानं त्या दोघी भांडत होत्या. रेश्मा ओट्यावर मटकन बसली आणि तोंडात पदर कोंबून हसायला लागली. दामू गिरणीच्या दारातून म्हणाला, "चाललंय का त्यांचं? मग झालं," आणि आत जाऊन जेवायला बसला.

संध्याकाळी आळीतले सगळे सोनं द्यायला निघाले. पहिलं सोनं म्हाताऱ्यांना द्यायचं ही आमची रीत, आणि आळीत म्हाताऱ्या म्हणजे याच दोघी. पोरं, बायका, दामू, मी, सगळे आपट्याची पानं घेऊन सकुबाईच्या दारासमोर जमलो. आकाशात अजून उजेड होता. पोरांना धीर निघेना. एकानं विचारलंच, "रखमीआजी, येऊ का गो आत?"

आतून रखमीकाकीचा आवाज आला, उपासानं बसलेला, पण जरबेचा.

"अजून चांदणी निगाली नाय. आमचा सण सरला नाय. भायेर थांबा समदे."

आणि सगळी तेलआळी हातात आपट्याची पानं घेऊन, वर बघत, चांदणी निघायची वाट पाहत उभी राहिली.